गाझातल्या मुलांची साक्ष मराठीत वाचायची तर

सांगलीच्या एका महाविद्यालयीन नाट्यगटानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गाझातल्या मुलांनी लिहिलेली स्वगतं त्यांना मराठीत करायची आहेत, पण गटात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, हे नाटकच नाही, या बातम्या आहेत. यात पात्रं नाहीत, संघर्ष नाही, शेवट नाही. बाकीचे म्हणतात, हे करणं हाच प्रतिकार आहे. पण प्रतिकार म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की तेही अडखळतात. आणि शेवटी, करायचंच तर कसं करायचं?

मी बरीच वर्षं लोकांच्या साक्षींवर नाटकं बसवत आलो आहे, बहुतेक धरणग्रस्तांच्या आणि उठवलेल्या वस्त्यांच्या. पॅलेस्टिनी रंगभूमीकडे मी वळलो ते हे काम शिकायला. लोक स्वतःच्या तोंडानं स्वतःचं सांगतात अशा नाटकाची इतकी कसून घासलेली परंपरा मला दुसरीकडे फारशी दिसली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिल्या तटाचं. संघर्ष नाही असं वाटतं, कारण आपण तो मंचावरच्या दोन माणसांत शोधतो. साक्षीत तो मंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये असतो. सांगणारा उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्यांच्या डोक्यात त्याचं एक चित्र आधीच तयार असतं. पॅलेस्टिनी माणसाच्या बाबतीत अशी दोनच चित्रं जगात फिरतात, तोंड बांधलेला बंदूकधारी किंवा ढिगाऱ्यावर आक्रोश करणारी आई. तिसरं कुणी असू शकतं हे पहिल्या दोन मिनिटांत पटवायचं असतं, आणि तेही गयावया न करता. प्रतिपक्ष समोर खुर्चीत बसलेला असतो, प्रामाणिक असतो, कधीकधी सहानुभूतीनं भरलेलाही असतो. याहून अवघड नाट्यप्रसंग मला माहीत नाही.

आता हा प्रकार तिथं रुजला कसा. अरबी मुलखात हकवाती, म्हणजे कॉफीच्या दुकानात बसून वीरांच्या लांबलचक कथा सांगणारा कथेकरी, ही जुनी परंपरा. १९७७ साली जेरुसलेममध्ये फ्रान्स्वा अबू सालेम आणि त्यांच्या सोबत्यांनी नाट्यमंडळी काढली तेव्हा तिला हेच नाव दिलं, अल-हकवाती. १९८४ मध्ये त्यांनी पूर्व जेरुसलेममधलं आगीत जळालेलं अल-नुझा चित्रपटगृह घेऊन त्याचं नाट्यगृह केलं. आज ते पॅलेस्टिनी राष्ट्रीय नाट्यगृह म्हणून ओळखलं जातं. त्या काळात ही मंडळी तालमीत सगळ्यांनी मिळून नाटक रचत, आणि विनोद, रूपक, लोककथा यांच्या आडून बोलत. आडून बोलण्याला कारण होतं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, वेस्ट बँक हा जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी प्रदेश ताब्यात आल्यावर दोन-अडीच महिन्यांत, इस्रायली लष्करानं १०१ क्रमांकाचा आदेश काढला. त्यानुसार राजकीय हेतूनं दहा माणसांनी जमायचं तर लष्करी परवाना लागतो, आणि आदेश मोडला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाटकाला दहाहून जास्त माणसं लागतातच. कोणता विषय राजकीय ठरेल हे लष्कर ठरवणार. अशा ठिकाणी लोक एका अंगणात येऊन बसतात इथपासूनच नाटकाला वेगळा अर्थ येतो, मग मंचावर एखादी साधी लग्नाची गोष्ट का असेना.

रूपकाकडून थेट साक्षीकडे येण्यामागे मला दोन कारणं दिसतात. एक कारण दफ्तरांचं. १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन झालं त्या युद्धात, सात लाखांवर पॅलेस्टिनी माणसं घराबाहेर पडली, शेकडो गावं उजाड झाली, आणि गावांबरोबर कागदपत्रं, ग्रंथसंग्रह, फोटोही गेले. पुढे बैरुतमध्ये पॅलेस्टिनी संशोधन केंद्रानं मोठ्या कष्टानं दस्तऐवज जमवले, तर लेबनॉनवरच्या १९८२ च्या स्वारीत इस्रायली सैन्यानं तो संग्रहच उचलून नेला; कैद्यांच्या अदलाबदलीत तो परत मिळायला पुढचं वर्ष उजाडलं. ज्यांचं दफ्तर असं लुटलं जातं त्यांच्या बाबतीत माणसाची आठवण हाच पुरावा उरतो. दुसरं कारण पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९८४ मध्येच नेमकं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, वस्तुस्थिती कितीही उघड असली तरी ती आपोआप बोलत नाही. तिला वाहून नेणारी कथा लागते, आणि पॅलेस्टिनींना स्वतःची कथा सांगायची मुभाच दिली जात नाही. त्यांच्याविषयी प्रवक्ते बोलतात, तज्ज्ञ बोलतात, मदत संस्था बोलतात.

प्रतिकाराबद्दल माझं उत्तर इथूनच सुरू होतं. गोष्ट कुठून सुरू करायची, कुठं थांबवायची, काय सांगायचं आणि काय मुद्दाम स्वतःपाशी ठेवायचं, हे ठरवण्याचा हक्क सांगणाऱ्यानं आपल्या हातात घेतला की साक्ष प्रतिकार होते. रडवणं, संताप आणणं, जगाला माहिती देणं हे सगळं त्यातून घडेलही, पण ते दुय्यम. हा हक्क सुटला तर तीच साक्ष तक्रारअर्ज होऊन बसते.

वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहरातल्या अल-कसाबा या नाट्यसंस्थेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली कब्ज्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला. रामल्लाचे रस्ते लष्करी नाक्यांनी तुटले. अल-कसाबाच्या नटांनी त्या दिवसांत आपल्याच रोजच्या अनुभवांतून छोटी छोटी स्वगतं रचली आणि ती एकत्र ओवून प्रयोग सुरू केले. २००१ मध्येच ते नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात पोहोचलं. नेपथ्य म्हणजे मंचभर वर्तमानपत्रांचे ढीग, आणि माणसं त्या ढिगांखालून वर येतात. अख्खी मांडणी त्यात आली. जगाला ज्या माणसांची ओळख मथळ्यांतून आहे, ती मथळे बाजूला सारून उठतात आणि प्रेमाबद्दल, कंटाळ्याबद्दल, भीतीबद्दल बोलू लागतात. प्रेक्षक हसतो, आणि हसताना त्याच्या डोक्यातलं तयार चित्र मोडतं. विनोद हा या रंगभूमीचा कणा आहे हे तुमच्या गटानं पहिल्या तालमीआधी ध्यानात घ्यावं. मराठीत अशा विषयाला हात घातला की आपण आधी हशाच कापतो, आणि तिथंच हरतो.

आता तुम्ही घेतलेली संहिता. अश्तार ही नाट्यसंस्था इमान औन आणि एडवर्ड मुअल्लेम यांनी १९९१ मध्ये सुरू केली; दोघंही आधी अल-हकवातीत होते. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची पीडितांची रंगभूमी त्यांनी पॅलेस्टाईनमध्ये रुजवली. घरातली मारहाण, लग्नातले जाच, बापाची सत्ता, असे प्रश्न मंचावर आणायचे आणि प्रेक्षकालाच वर बोलावून प्रसंग बदलून दाखवायला लावायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. गाझाची स्वगतं याच मुशीतून आली. २७ डिसेंबर २००८ ते १८ जानेवारी २००९ या युद्धात गाझात सुमारे १४०० पॅलेस्टिनी मारले गेले. इस्रायलच्या बाजूला १३ जण. त्यानंतर अश्तारनं गाझातल्या तीसेक किशोरवयीन मुलामुलींना लिहितं केलं. रामल्ला ते गाझा हे अंतर शंभर किलोमीटरही नाही, पण २००७ पासूनच्या नाकेबंदीमुळे ती मुलं बाहेर येऊ शकत नव्हती. मग तोडगा असा निघाला: मुलं येऊ शकत नाहीत, तर त्यांचे शब्द जातील, आणि जगभरातली त्यांच्याच वयाची मुलं ते बोलतील. १७ ऑक्टोबर २०१० ला अनेक देशांत एकाच दिवशी ही स्वगतं सादर झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत पोहोचली. ही तारीख योगायोगाची नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव झाला होता, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांनीच तो दिवस पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा म्हणून ठरवला.

रचना म्हणून यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. नाकेबंदी माणसाचं शरीर अडवते. नाटकाला शरीर लागतं. तेव्हा लेखकाचं शरीर इथं अडकलं तर दुसऱ्याचं उसनं घ्यायचं. म्हणजे वाचणारा त्या मुलाची भूमिका करत नाही, त्याच्या जागी उभा राहतो. तुमच्या प्रयोगाची सगळी शैली या एका भेदावर ठरणार आहे. २०१४ च्या युद्धानंतर त्यातल्या काहींनी पुन्हा लिहिलं. २९ नोव्हेंबर २०२३ ला, गाझावरचा भयंकर मारा तात्पुरत्या युद्धविरामात काही दिवस थांबलेला असताना, अश्तारनं जगभरच्या रंगकर्मींना ती स्वगतं वाचायचं आवाहन केलं आणि देशोदेशी ती वाचली गेली. २०१० मध्ये किशोरवयीन असलेली मुलं तोवर तिशीकडे झुकली होती. तेरा वर्षांपूर्वीचा मजकूर त्या दिवशी वाचताना एक अक्षरही बदलावं लागलं नाही, यातच त्या परिस्थितीवरची सगळ्यांत कठोर टीका आहे.

जेनिनबद्दल जरा थांबून लिहायला हवं. वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या निर्वासित छावणीत पहिल्या इंतिफादाच्या काळात आर्ना मेर-खमीस या ज्यू बाईंनी, शाळा बंद पडलेल्या मुलांसाठी शिकवण्या आणि नाटक सुरू केलं. १९९३ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, १९९५ मध्ये त्या कर्करोगानं गेल्या. त्यांचं बालनाट्यगृह २००२ च्या इस्रायली लष्करी कारवाईत जमीनदोस्त झालं, आणि त्यांच्या हाताखाली नाटक केलेली अनेक मुलं दुसऱ्या इंतिफादात शस्त्रं घेऊन मेली. त्यांचा मुलगा जुलियानो यानं त्या मुलांवर माहितीपट केला आणि २००६ मध्ये झकारिया झुबैदी, योनातान स्तान्चाक यांच्याबरोबर फ्रीडम थिएटर उभं केलं. झुबैदी हा त्याच बालनाट्यातला एक मुलगा, पुढे सशस्त्र गटाचा म्होरक्या झालेला. ४ एप्रिल २०११ ला जुलियानोला नाट्यगृहाबाहेर गोळ्या घालून मारलं. मारेकरी कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही. त्याआधी छावणीतल्याच काही लोकांचा या नाट्यगृहाला, मुलामुलींनी एकत्र काम करण्याला कडवा विरोध होता. ते जाळण्याचे प्रयत्नही झाले होते. हे मी मुद्दाम सांगतो. सांस्कृतिक प्रतिकार म्हटलं की तोफ फक्त बाहेरच्या सत्तेकडे रोखलेली असते अशी आपली समजूत असते. तिथले रंगकर्मी मात्र कब्जा, स्वतःचं प्रशासन आणि स्वतःच्या घरातली दंडेली यांच्याशी एकाच वेळी भिडतात. साक्षीत बापावरचा राग आला तर तो लपवायचा नाही, असा तिथला रिवाज आहे.

याच संस्थेनं पुढे फ्रीडम बस काढली. दक्षिण हेब्रॉनच्या टेकड्यांवरची गावं, जॉर्डन खोऱ्यातल्या वस्त्या, जिथं घरं पाडण्याच्या नोटिसा आलेल्या असत, तिथं ही मंडळी जात. प्लेबॅक रंगभूमी ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी बसवली, ती इथं वापरली गेली. गावातला एक माणूस पुढे येऊन खुर्चीवर बसतो, आपल्या बाबतीत घडलेला प्रसंग सांगतो. सूत्रधार दोन-चार प्रश्न विचारतो. मग नट तिथल्या तिथे, कसलीही तालीम न करता, तो प्रसंग करून दाखवतात आणि शेवटी सांगणाऱ्याकडे पाहतात. पाहणं हा उपचार नाही, तो रचनेचा भाग आहे. बरोबर झालं का, हे तोच सांगणार. मेंढपाळ म्हातारा म्हणू शकतो, असं नव्हतं, मी घाबरलो नव्हतो, मला हसू आलं होतं. आणि तेव्हा ते पुन्हा करायचं असतं. सांगणाऱ्याच्या हातातला हक्क म्हणजे काय, ते इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आपल्याशी या संस्थेचा एक खरा धागाही आहे. दिल्लीच्या जन नाट्य मंचानं आणि फ्रीडम थिएटरनं मिळून एक पथनाट्य बसवलं आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात ते घेऊन भारतातल्या अनेक शहरांत दौरा केला. जन नाट्य मंचाच्या बाजूनं दिग्दर्शनात सुधन्वा देशपांडे होते.  तुमच्यापैकी कुणाला या वाटेनं पुढं जायचं असेल तर जन नाट्य मंचाच्या लोकांशी बोलणं हा माझा पहिला सल्ला.

साक्ष जशीच्या तशी मंचावर मांडणं हा या रंगभूमीचा एकच मार्ग नाही. २००२ च्या एप्रिल-मेमध्ये बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चला इस्रायली सैन्याचा ३९ दिवस वेढा पडला होता. तडजोड झाली तेव्हा आत आसरा घेतलेल्या पॅलेस्टिनींपैकी १३ जणांना युरोपात आणि २६ जणांना गाझात हद्दपार केलं गेलं. फ्रीडम थिएटरच्या लोकांनी युरोपात विखुरलेल्या त्या माणसांना गाठून मुलाखती घेतल्या आणि २०१५ मध्ये त्यावरचं नाटक इंग्लंडभर फिरवलं. तिथल्या काही वर्तमानपत्रांनी दहशतवाद्यांचं उदात्तीकरण म्हणून झोड उठवली. त्या नाटकात अनेकांच्या आठवणी थोड्या पात्रांत एकवटल्या आहेत. अहमद तोबासीचा एकपात्री प्रयोग याच्या उलट टोकाचा. जेनिन छावणीत वाढलेला, सतराव्या वर्षी तुरुंगात गेलेला, चार वर्षांनी सुटून नाटकात आलेला, नॉर्वेला जाऊन परतलेला हा नट. त्याच्या आयुष्यावर हसन अब्दुलरझ्झाक यांनी नाटक लिहिलं आणि २०१७ पासून तोबासी स्वतःच ते करतो. म्हणजे आयुष्य त्याचं, वाक्यं दुसऱ्याची, आणि देह पुन्हा त्याचाच. यामुळे त्याला स्वतःच्या मूर्खपणावर हसता येतं. लेखकानं मध्ये अंतर ठेवलं म्हणूनच तो ही साक्ष शेकडो रात्री सोसू शकतो, असं मला नट म्हणून वाटतं.

इस्रायलच्या हद्दीतल्या पॅलेस्टिनींची गोष्ट आणखी वेगळी. हैफाच्या अल-मिदान नाट्यगृहात बशार मुरकुसनं कैद्यांवर एक नाटक केलं, त्याची प्रेरणा दीर्घकाळ तुरुंगात असलेल्या वलीद दक्का यांच्या आयुष्यातून आणि लेखनातून आली होती. कथानक साधं: एका कैद्याच्या लग्नासाठी बाकीचे कैदी चोरून ऊद हे वाद्य बनवतात. २०१५ मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि सरकारनं नाट्यगृहाचं अनुदान गोठवलं. तुरुंगात माणूस लाकूड तासून वाद्य बनवतो, एवढंच दाखवलं होतं. दक्का एप्रिल २०२४ मध्ये कैदेतच वारले.

आणि मग डिसेंबर २०२३. तेरा तारखेला इस्रायली सैन्यानं फ्रीडम थिएटरमध्ये घुसून नासधूस केली. तोबासीला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. व्यवस्थापक मुस्तफा शेता यांना आरोपपत्राविना प्रशासकीय स्थानबद्धतेत ठेवलं, ते २०२५ मध्ये सुटले. त्याच वर्षी जानेवारीपासूनच्या लष्करी कारवाईत जेनिनची छावणी रिकामी केली गेली. नाट्यगृह ज्यांच्यासाठी होतं ते लोकच उठवले गेले. गाझात त्याआधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये सईद अल-मिशाल सांस्कृतिक केंद्राची पाच मजली इमारत हवाई हल्ल्यात कोसळली होती, तिथल्या नाट्यगृहासकट. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातले रंगकर्मी होस्साम मधून यांनी, पुन्हा पुन्हा विस्थापित होत असताना, रोजनिशीसारखे संदेश लिहून लंडनच्या अझ थिएटरकडे पाठवले, आणि तिकडच्या नटांनी ते वाचले. त्यात पाणी कुठून आणलं, आईला उचलून कसं नेलं, कुत्र्याचं काय केलं अशा गोष्टी आहेत. मोठं विधान जवळपास नाही. इमारत गेली, मंच गेला, प्रेक्षक गेला, तरी सांगणारा आणि दूरवर त्याचे शब्द उच्चारणारा, एवढं उरलं की हे नाटक उभं राहतं.

या प्रकारावरचा एक गंभीर आक्षेपही तुमच्यासमोर ठेवतो, कारण तो खुद्द पॅलेस्टिनी रंगकर्मींचा आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारानंतर युरोपातला निधी तिथल्या संस्थांकडे वाहू लागला. निधी देणाऱ्यांना मानसिक आघाताच्या, उपचाराच्या, आशेच्या गोष्टी हव्या असतात. मग लेकरांना दर प्रकल्पात तीच जखम उघडून दाखवावी लागते. आम्ही माणसं आहोत हे आम्ही अजून किती वेळा सिद्ध करायचं, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो रास्त आहे. काही जण म्हणूनच साक्ष सोडून कल्पित नाटकाकडे, शरीरभाषेकडे वळले. हैफाच्या खशाबी रंगमंचाचं काम त्या दिशेचं आहे. मला स्वतःला साक्ष अजून संपलेली वाटत नाही. पण दुःखाची मागणी प्रेक्षकाकडून येते तेव्हा ती पुरवायची नाही, हा नियम मी त्यांच्याकडूनच घेतला. आमच्या एका नाटकात धरणात गाव गेलेल्या एका आजींनी बुडालेल्या घराबद्दल एक शब्दही बोलायला नकार दिला आणि वीस मिनिटं फक्त गावच्या जत्रेतल्या कुस्त्या सांगितल्या. आम्ही तेवढंच ठेवलं. प्रयोगानंतर लोक घराबद्दल विचारायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, ते माझं मी बघीन.

आता तालमीचं. संहिता अश्तारकडून घ्या, त्यांना कळवा, संस्थेचं नाव प्रयोगात जाहीर करा. अनुवाद करताना अरबी जाणणारं कुणी मिळालं तर पाहा. पुण्या-मुंबईत आणि कोकणात असे लोक आहेत. मराठी बोलीतली ठेवा, पण गरिबी दाखवायला ग्रामीण ढंग चढवू नका. ही शहरातली, शाळेत जाणारी, चुरचुरीत बोलणारी मुलं आहेत. जबालिया, शुजाइया, खान युनिस, बैत लाहिया ही नावं नीट म्हणायला शिका. नकाशा भिंतीवर लावा. गाझा पट्टीची लांबी ४१ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून मीरा रोडच्या थोडं पुढे, आणि रुंदी ६ ते १२ किलोमीटर. त्यात वीस लाखांवर माणसं. हे अंगात भिनलं की समुद्राबद्दलची वाक्यं वेगळी निघतात.

एकांकिका स्पर्धेची सवय दारात ठेवा. धुराचं यंत्र, स्फोटाचा आवाज, लाल प्रकाश, सगळ्यांनी एकदम कोसळणं, मागून सारंगी, हे काही नको. प्रेक्षागृहातले दिवेही पूर्ण विझवू नका, कारण साक्षीला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. खांद्यावर चौकडीचा रुमाल टाकून पॅलेस्टिनी बनू नका. संहिता हातात ठेवा, पाठ असली तरी. प्रत्येक स्वगताच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव, जन्मवर्ष, वस्ती दिलेली असते. ते आधी स्पष्ट म्हणा, मग स्वतःचं नाव आणि गाव सांगा, मग वाचा. ऐकणाऱ्याला दोन्ही माणसं दिसली पाहिजेत. वाचताना रडू आलं तर थांबा, पाणी प्या, पुढचं वाक्य घ्या. पण रडण्याकडे वाक्य नेऊ नका. ज्यांच्यावर गुजरलं आहे ते बहुधा सपाट, तपशिलानं सांगतात, हा माझा सगळीकडचा अनुभव आहे. टाळीच्या वाक्यावर आवाज चढवायचा मोह होईल. तिथं आवाज खाली आणा. आणि क्रम लावताना सर्वांत भयंकर स्वगत शेवटी ठेवू नका. मध्ये कुठेतरी ठेवा, आणि त्यानंतर एखादं खट्याळ ठेवा. पोरं तशीच असतात.

प्रयोगानंतर एक प्रश्न हमखास येईल: मग ७ ऑक्टोबरचं काय? २०२३ मध्ये त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. हे सरळ सांगा, टाळू नका, आवाज चढवू नका. त्या माणसांच्या घरच्यांनाही साक्ष आहे आणि ते ती देतात; इस्रायली आणि पॅलेस्टिनी शोकग्रस्त कुटुंबं एकत्र बसून देतात अशी पेरेंट्स सर्कल नावाची संस्था १९९५ पासून आहे. इस्रायली सैनिकांनी स्वतः केलेल्या कृत्यांची साक्ष देणारी ब्रेकिंग द सायलेन्स ही संस्था २००४ पासून आहे. पण २०१० मध्ये पंधरा वर्षांच्या मुलीनं लिहिलेल्या पानाकडून तराजूच्या दुसऱ्या पारड्याची अपेक्षा करू नका. साक्षीदार आपण पाहिलं तेवढ्यालाच बांधील असतो. निवाडा करणं श्रोत्याचं काम आहे, आणि त्यासाठी त्याला आणखी ऐकावं लागेल.

परवानगीचं विसरू नका. सार्वजनिक, तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा अनुवाद झाल्या झाल्या अर्ज टाका. महाविद्यालयाच्या आवारात वर्गातल्यासारखं वाचन करणार असाल तर प्राचार्यांशी आधी स्वतः जाऊन बोला, सगळी संहिता त्यांच्या हातात द्या, त्यांनी एखादं स्वगत वगळायला सांगितलं तर कोणतं आणि का, हे लिहून घ्या. आणि वगळायचं की वाचनच दुसरीकडे न्यायचं, हे गटानं बसून ठरवा. गटातले जे म्हणताहेत की हे नाटक नाही, त्यांनाही त्या बैठकीला बोलवा, आणि पहिलं स्वगत त्यांच्यापैकीच कुणाला तरी वाचायला द्या.